नाव जुनं, गडी नवा



"तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात, म्हणजे नक्की काय करता हो?" हा प्रश्न मंडळाच्या दर कार्यक्रमात, साधारणपणे आभारप्रदर्शन आणि जेवणाची रांग यांच्या मधल्या वेळात, आम्हांला कोणी ना कोणी विचारतंच. रास लफानला नोकरी करणाऱ्यांचं बरं असतं. टाक्या दिसतात, जहाजं दिसतात, मुलांना लांबून बोट करून दाखवता येतं. मेट्रोवर काम केलेली मंडळी लाल लाइनीत बसून "हे स्टेशन आमचं" म्हणू शकतात. आमचं काम मात्र असं, की नीट झालं तर कोणाला दिसत नाही, आणि दिसलं तर समजावं काहीतरी बिघडलं. म्हणून या अंकात ठरवलं, की असं एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगूनच टाकावं. काम कोणतं? तर चालू यंत्रणेतली डीएनएस सेवा बदलणे. घाबरू नका, गणित नाही. नुसती नावं आणि पत्ते आहेत, आणि त्या विषयात दोह्यात राहणारा प्रत्येक जण तज्ज्ञ असतो.

आता हेच पाहा. इथल्या इमारतींवर निळी पाटी असते आणि तिच्यावर तीन आकडे असतात: झोन, रस्ता आणि इमारत. २०२० साली सरकारने सगळ्या रहिवाशांना राष्ट्रीय पत्ता नोंदवायला सांगितलं, तेव्हा आपण सगळेच खाली उतरून पाटी वाचून आलो. पण कोणाला घरी जेवायला बोलावताना ते तीन आकडे कोणी सांगतं का? नाही! आपण सांगतो, "रमाडा सिग्नलला या आणि फोन करा." सी रिंग रोड आणि सलवा रोड मिळतात तिथल्या रमाडा हॉटेलचं रॅडिसन ब्लू होऊन किती वर्षं लोटली. ज्याने रमाडाची पाटी कधी पाहिलेली नाही असा नवा आलेला मुलगाही आठ दिवसांत 'रमाडा सिग्नल' म्हणायला लागतो. मुंबईकरांना याचं नवल नसावं. १९९६ साली व्ही.टी.चं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला, तरी जुना मुंबईकर टॅक्सीत बसून अजून "व्ही.टी." म्हणतोच. आणि धोबी तलावाला तर तलावच उरलेला नाही.

हा रमाडा सिग्नल जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संगणकांचं याच्या उलट आहे. त्यांना नावं कळत नाहीत, आकडेच कळतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत. तेव्हा मधे कोणीतरी लागतो, जो नाव ऐकून आकडा सांगेल. इंटरनेटचा जन्म व्हायचा होता आणि त्याच्या पूर्वजाचं नाव अर्पानेट होतं, त्या काळी हे काम एका यादीवर भागत असे. कॅलिफोर्नियात एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंचं कार्यालय ही यादी सांभाळायचं. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, त्या नाव चढवायच्या आणि बाकीच्यांनी यादीची ताजी प्रत उतरवून घ्यायची. आपल्या मंडळाची सभासद-सूची चालते तसंच. संगणक वाढले तसा यादीचा बोजवारा उडायला लागला. मग १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी एका मोठ्या यादीऐवजी प्रत्येकाने आपापल्या घरची यादी सांभाळावी आणि बाकीच्यांना "पुढे अमक्याला विचारा" असं सांगावं, अशी व्यवस्था मांडली. तिचं नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस. चाळीस वर्षं उलटून गेली, जग अजून त्याच व्यवस्थेवर चाललं आहे.

ही झाली बाहेरच्या जगातली गोष्ट. आम्ही बदलली ती डीएनएस मात्र घरातली होती, एका यंत्रणेच्या पोटातली.

हल्ली मोठी सॉफ्टवेअर्स एका अवजड यंत्रावर एकसंध बसवत नाहीत. त्यांचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका 'कंटेनर'मध्ये घालतात. नाव बंदरावरूनच आलं आहे. हमद बंदरातल्या पेट्यांमध्ये कांदे आहेत की टीव्ही, हे क्रेनला कळावं लागत नाही, माप एकसारखं असलं की झालं. इथेही तेच. मग असे शेकडो कंटेनर कोणत्या यंत्रावर ठेवायचे, एखादा मेला तर दुसरा कुठे उभा करायचा, हे पाहायला एक कारभारी लागतो. गूगलने २०१४ साली जगापुढे ठेवलेला 'क्युबरनेटीज' हा तो कारभारी. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आणि गंमत म्हणजे आपलं 'सुकाणू' मूळचं अरबी 'सुक्कान'! इथल्या बोलीत गाडीच्या स्टिअरिंगलाही सुक्कानच म्हणतात. कॉर्निशवरच्या लाकडी गलबतांचा 'नाखुदा' आणि आपल्या कोकणातला 'नाखवा' हेही एकच. म्हणजे हा कारभारी आपल्याला आणि यजमानांना सारखाच जवळचा.

आता या कारभाऱ्याची एक खोड आहे. कंटेनर मेला की तो रडत बसत नाही, दुसऱ्या जागी नवा उभा करतो. पण नव्याचा आकडी पत्ता नवा असतो. सकाळी हजेरीचा हिशेब करणारा कंटेनर एका पत्त्यावर, दुपारी भलत्याच. मग पगाराच्या कंटेनरने हजेरीच्या कंटेनरला शोधायचं कसं? नावाने! 'हजेरी कुठे आहे?' असं यंत्रणेतल्या डीएनएसला विचारायचं, ती ज्या पत्त्यावर गेलं की हजेरीची गाठ पडेल तो पत्ता सांगते. दर सेकंदाला असे शेकडो प्रश्न. ही डीएनएस गप्प बसली, तर सगळे कंटेनर ठणठणीत असूनही एकमेकांना मुके आणि आंधळे.

पूर्वी हे काम 'क्यूब डीएनएस' नावाचा गडी करायचा. गडी म्हणजे खरं तर तीन जण एका खोलीत. पहिला कारभाऱ्याकडे कान लावून बसायचा आणि कोण कुठे उभं राहिलं याची वही लिहायचा. दुसऱ्याचं नाव 'डीएनएसमास्क'. तो खिडकीवर बसून प्रश्न घ्यायचा, नुकतीच दिलेली उत्तरं तोंडपाठ ठेवायचा आणि बाहेरचे प्रश्न बाहेर पाठवायचा. तिसरा या दोघांची नाडी पाहायचा. खिडकीवरचा हा गडी सायमन केली यांनी मुळात छोट्या नेटवर्कांसाठी लिहिलेला, कामाला चोख. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या सुरक्षा विभागाने त्यात सात दोष जाहीर केले, तेव्हा सगळ्यांनाच वाटायला लागलं की एवढ्या नाजूक जागी आता दुसरा कोणी पाहावा.

तो दुसरा तयारच होता. मीक गीबेन या डच गृहस्थांनी २०१६ साली 'कोअर डीएनएस' सुरू केला. तीन जणांचं काम एकटा करतो, आणि त्याला काय काय यायला हवं ते 'कोअरफाइल' नावाच्या एका छोट्या कागदावर लिहून द्यायचं. २०१८ च्या मध्यात क्युबरनेटीजच्या १.११ आवृत्तीत तो वापरायला योग्य ठरला, डिसेंबर २०१८ च्या १.१३ मध्ये नेहमीचा गडी म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि एप्रिल २०२१ च्या १.२१ मध्ये यंत्रणा बसवण्याच्या 'क्यूबअ‍ॅडमिन' या अधिकृत साधनाने जुन्याला नारळ दिला.

आमच्याकडे हे काम आलं ते याच टप्प्यावर. कंपनीचं नाव सांगत नाही, इथल्या पुष्कळ कंत्राटदारांपैकी एक समजा. त्यांच्या यंत्रणेत साइटवरच्या कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम आणि पगार. कतारात २०१५ पासून पगार बँकेतूनच द्यावा लागतो, आणि देय तारखेपासून सात दिवसांच्या आत. पगाराची फाइल वेळेत बँकेला गेली नाही तर कंपनीला सरकार विचारतं, हे खरं. पण त्या यादीत नेपाळ, बांगलादेश, बिहार, केरळ आणि आपल्या रत्नागिरीकडचीही नावं होती. त्यांना कोण विचारणार? ज्यांच्या घरी पैसे पोचल्यावरच दुकानदाराची उधारी फिटते, त्यांना "सर्व्हर डाउन आहे" हे उत्तर काय कामाचं?

आणि तिथे नेमकं महिनाअखेरीस दुखायचं. खिडकीवरच्या त्या गड्याची सवय अशी, की एका वेळी बाहेर पाठवलेले दीडशे प्रश्न अनुत्तरित असले, की पुढचे घ्यायचे नाहीत. त्यातून कंटेनर प्रश्न विचारतात ते आपल्या गावाकडच्या पद्धतीने. बँकेचं नाव विचारायचं झालं तरी आधी वाटतं की ती आपल्याच वाड्यातली असेल. तिथे नाही, मग गल्लीत, मग गावात, आणि शेवटी बाहेर. शिवाय जुन्या आणि नव्या अशा दोन तऱ्हेच्या आकड्यांसाठी प्रत्येक प्रश्न दोनदा. एका प्रश्नाचे झाले आठ! पगाराची फाइल निघायच्या वेळी रांग तुंबायची, काही प्रश्न वाऱ्यावर जायचे, फाइल अर्धी राहायची आणि रात्री कोणीतरी ती पुन्हा सुरू करायचं. ती दीडशेची मर्यादा वाढवता येते, तशी ती वाढवूनही पाहिली होती. पण जुन्या गड्याला पुढच्या आवृत्तीत जागाच नव्हती, आणि आवृत्ती तर बदलावीच लागणार होती. तेव्हा ठरलं, की एका पगारानंतर आणि दुसऱ्या पगाराच्या आधी, गुरुवारी रात्री, शुक्रवार-शनिवारची सुट्टी हाताशी ठेवून गडी बदलायचा.

आता खरी मेख सांगतो. प्रत्येक कंटेनर जन्माला येताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी घातलेली असते: "नाव विचारायचं तर या आकड्यावर विचार." बहुतेक ठिकाणी तो आकडा १०.९६.०.१० असा काहीतरी असतो. नव्या गड्याला नवा आकडा दिला, तर शेकडो खिशांतल्या चिठ्ठ्या खोट्या ठरतात आणि सगळ्यांना मारून पुन्हा जन्माला घालावं लागतं. चालू यंत्रणेत हे करायचं नसतं. म्हणून आकडा तोच ठेवायचा. इतकंच नव्हे, त्या आकड्यामागच्या सेवेचं नावही तेच ठेवायचं. आजही तुम्ही एखादी अगदी नवी कोरी यंत्रणा उघडलीत, तर आत काम करणारा असतो कोअर डीएनएस, आणि दारावरची पाटी मात्र 'क्यूब डीएनएस'! हे विसराळूपणाने राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे. त्या पाटीवर भरवसा ठेवून जगभर किती लोकांनी काय काय लिहून ठेवलंय याचा हिशेब कोणालाच लागायचा नाही, म्हणून पाटीला हात लावायचा नाही. आला ना लक्षात रमाडा सिग्नल?

कामाचा क्रम असा होता. पहिली गोष्ट, जुन्या गड्याला दिलेल्या खास सूचना शोधणे. नवा माणूस ठेवताना घरातली बाई जशी सांगते, "दूध डाव्या हाताच्या बिऱ्हाडातून, पण एकादशीला नाही", तशा सूचना इथेही असतात. ऑफिसची स्वतःची काही नावं बाहेर कोणाला ठाऊक नसतात, ती ऑफिसच्याच सर्व्हरला विचारायची, ही त्यातली महत्त्वाची. ती नव्या कोअरफाइलमध्ये उतरली नाही, तर बाकी सगळं चालेल, पण पगाराला कर्मचाऱ्यांची जुनी नोंदवही सापडणार नाही.

दुसरी गोष्ट, नव्या गड्याला कारभाऱ्याची वही वाचायची परवानगी देणे. हे किरकोळ वाटतं, पण परवानगी नसेल तर तो दारात उभा दिसतो, तब्येत चांगली दिसते, आणि त्याला काहीच ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट, परीक्षा. त्याला आधी पाटीमागे बसवायचं नाही, बाजूला उभं करायचं. मग नावांची एक यादी घ्यायची आणि दोघांना तेच प्रश्न विचारून उत्तरं ताडून पाहायची. यादीत आतली नावं हवीत, ऑफिसची हवीत, बाहेरची हवीत, आणि जी अस्तित्वातच नाहीत अशीही हवीत. 'असं कोणी इथे राहत नाही' हे उत्तरही वेळेवर आणि स्पष्ट यावं लागतं. ते आलं नाही तर विचारणारा दारात ताटकळतो.

या परीक्षेतच, सरावाच्या यंत्रणेवर, एक मजा झाली. नवा गडी उभा राहायचा आणि लगेच खाली बसायचा. पुन्हा उभा, पुन्हा खाली. कारण शोधलं तेव्हा कळलं, की ज्या यंत्रावर तो उभा होता त्या यंत्राची स्वतःची चिठ्ठी सांगत होती, "बाहेरची नावं विचारायची तर १२७.०.०.५३ वर." हा आकडा म्हणजे 'माझा मीच'. उबुंटू जातीच्या यंत्रांवर अशी चिठ्ठी हमखास सापडते. नव्या गड्याने ती वाचली आणि बाहेरचा प्रश्न स्वतःलाच विचारला, मग पुन्हा स्वतःलाच. म्हणजे 'अमुक साहेब कुठे राहतात?' असं आरशापुढे उभं राहून विचारण्यासारखं. पण कोअर डीएनएसचा गुण असा, की अशी फेरी सुरू झाली हे तो आरंभीच ओळखतो आणि गोंधळ घालण्यापेक्षा कारण सांगून बंद होतो. यंत्राची खरी चिठ्ठी दुसऱ्या एका फाइलीत असते, ती दाखवून दिल्यावर स्वारी निमूट उभी राहिली. आम्हांला विचाराल तर ज्याला आपल्याला कळत नाही हे कळतं आणि जो ते मोठ्याने सांगतो, असा गडी कधीही बरा.

मग गुरुवारची रात्र. नव्याचे दोन अवतार दोन वेगळ्या यंत्रांवर उभे केले, म्हणजे एक यंत्र गेलं तरी दुसरा आहे. त्यांना जुन्याचाच बिल्ला लावला. बिल्ला पाहून सेवा प्रश्न वाटते, त्यामुळे आता त्याच पाटीमागे जुना आणि नवा शेजारी शेजारी बसले. काही प्रश्न याला, काही त्याला. विचारणाऱ्याला पत्ता नाही की कोणी उत्तर दिलं. असं तीन तास चालू दिलं. आकड्यांचे आलेख पाहत आम्ही आणि हैदराबादचा एक तरुण सहकारी करक चहावर चहा पीत बसलो. तक्रार नाही म्हटल्यावर जुन्याची संख्या शून्यावर आणली. त्याच्या आधी, जुन्याची संख्या आपोआप वाढवणारा एक मुकादम असतो, त्याला सुट्टी द्यावी लागते. नाहीतर तुम्ही घरी पाठवलेल्या माणसाला तो पाठीमागून परत बोलावतो.

शून्यावर आणला म्हणजे पुसून टाकला नाही, बरं का. पुढचा पगार होईपर्यंत जुन्याची वळकटी तिथेच ठेवली. गरज पडली असती तर एका आज्ञेत परत उभा राहिला असता. पुढच्या महिनाअखेरीस फाइल एका दमात बँकेत गेली. त्या दिवशी ऑफिसात आमच्याशी कोणी काही बोललं नाही. आमच्या धंद्यात याला शाबासकी म्हणतात.

एवढी जपणूक कशाला, असं वाटत असेल तर दोन तारखा आठवा. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. दोह्यात संध्याकाळ झाली होती आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच गप्प झालं, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचं आतलं जाळं तुटलं, आणि जाळं तुटलेलं पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपला रस्ताच जगाच्या नकाशावरून काढून घेतला. यंत्रं जागच्या जागी, पण पत्ता सांगणारा कोणी नाही. दुसरी तारीख २० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळी. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्रात डीएनएसच्या नोंदी बदलणारी दोन स्वयंचलित यंत्रं एकमेकांच्या पायात आली. एकाने शिळी नोंद नवीच्या जागी ठेवली, दुसऱ्याने शिळी म्हणून ती पुसली, आणि एका महत्त्वाच्या नावापुढे पत्ताच उरला नाही. जगभरातल्या किती सेवा त्या दिवशी आडव्या झाल्या. आता मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये कतारातच आपली केंद्रं उघडली, तेव्हा ही यंत्रणा अगदी आपल्या अंगणात आली आहे.

हे सगळं लिहिता लिहिता मंडळाची सभासद-सूची हाताशी होती, म्हणून शेवटी एक घरचा मुद्दा मांडतो. अडीअडचणीला फोन करायचे म्हणून आपण सूचीत नंबर छापतो. ते सगळे कोणाचे ना कोणाचे खाजगी मोबाइल आहेत. आपल्याकडे माणसं टिकत नाहीत, त्यात कोणाचा दोष नाही. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि वीस वर्षं इथे काढलेली माणसंही महिन्याभरात सामान बांधतात. पण जुनी सूची स्वयंपाकघरातल्या खणात तशीच राहते. एखाद्या घरात रात्री दोन वाजता नको ते घडतं, बाई ती सूची काढून नंबर लावते, आणि फोन उचलतो कोणी भलताच, कारण तो नंबर आता दुसऱ्या कोणाचा आहे. खिशातल्या चिठ्ठीवरचा आकडा खोटा ठरला की कंटेनर पुन्हा जन्माला घालता येतो. माणसाचं तसं नाही.

तेव्हा कार्यकारिणीला आमची सूचना अशी: मंडळाचा मदतीचा नंबर मंडळाच्या नावाने एकच घ्यावा आणि तो कधीही बदलू नये. फोन उचलणारा बदलला तरी चालेल. नवा माणूस येईल तेव्हा महिनाभर जुना आणि नवा दोघांनी मिळून तो सांभाळावा. जुन्याच्या डोक्यातल्या खास सूचना कागदावर उतरवून घ्याव्यात: रात्री कोणत्या डॉक्टरांना उठवलं तरी चालतं, पार्थिव मायदेशी न्यायचं असेल तर कागद कोणत्या क्रमाने लागतात, आणि जे आपल्याला जमत नाही त्यासाठी भारतीय दूतावासाच्या आयसीबीएफकडे कोणाला विचारायचं. "हे आमच्याकडे नाही, तिकडे विचारा" हे उत्तरही लगेच मिळालं पाहिजे. आणि जाणाऱ्याने भारतात पोचल्यावर निदान पुढच्या गणेशोत्सवापर्यंत फोन चालू ठेवावा, म्हणजे वळकटी जागेवर आहे एवढा धीर राहील.

हे पटलं तर वार्षिक सभेत हात वर करा. नंबर घ्यायला आणि पहिले तीन महिने तो उचलायला आम्ही तयार आहोत. आमच्या सौभाग्यवतींनी हे वाक्य छापायच्या आधी वाचलं आहे आणि खोडलेलं नाही, तेव्हा ते पक्कं समजावं.

असो. पुढच्या अंकात भेटूच.